हसनभाईंनी बंद केलेला बॉयलर

हसनभाई गेल्याचं मला कंपनीच्या बसमध्ये कळलं. दापोलीहून त्यांच्या मुलाचा, इरफानचा मेसेज आला, "काका, अब्बा पहाटे गेले." सौदीतल्या जुबैलच्या कॅम्पमध्ये आम्ही अकरा वर्षं एका खोलीत काढली होती. दुपारी मेंटेनन्सच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आमच्या सुपरवायझरांचा व्हॉइस मेसेज आला, "हसन फार आज्ञाधारक माणूस होता. कधी उलट बोलला नाही." मला शिसारी आली. ज्या माणसाला हुकूम मोडला म्हणून घरी धाडलं, त्याला मेल्यावर आज्ञाधारक ठरवायचं! खाली पन्नास जणांचे हात जोडलेले.

हसनभाई प्लंबर. व्हिलांमधले घर गरम ठेवणारे बॉयलर त्यांच्याकडे असत. प्रेशर चढतंय म्हटलं की आम्ही पाना घेऊन धावायचो. ते आधी बॉयलर थंड होऊ द्यायचे आणि काटा बघत बसायचे. थंड असतानाही काटा चढला तर पाणी भरायचा कॉक गळतोय, तापल्यावरच चढला तर शेजारच्या लाल टाकीतली हवा गेलीय. तापलेलं पाणी फुगतं, त्याला जागा ती टाकी देते. जागा उरली नाही की सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी बाहेर टाकतो. "तो गळत नाय रे, तो सांगतोय," असं ते म्हणायचे. मला तेव्हा हे म्हाताऱ्याचं पाल्हाळ वाटायचं.

आमच्याकडे काम संपतं ते फोटोवर. तक्रार 'जमीन ओली' अशी असेल तर कोरड्या जमिनीचा फोटो ग्रुपवर टाकायचा, तक्रार खलास. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत एका व्हिलात सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकत होता. घरात नवरा-बायको आणि दोन लहान मुली. टाकीतला रबरी पडदा फाटलेला, नवीन टाकीच्या कागदावर सही होत नव्हती. सुपरवायझर म्हणाले, "प्लग मार, यल्ला, लवकर." मी व्हॉल्व्हच्या तोंडाला प्लग बसवला, फरशी पुसली, फोटो टाकला. सगळ्यांनी अंगठे दिले. मलाही बरं वाटलं होतं, हे आठवलं की आज स्वतःचीच किळस येते.

हसनभाई मेसमध्ये जेवत होते. फोटो पाहिला, हातातला घास ताटात ठेवला आणि परवानगी न घेता टॅक्सीने तिथे गेले. बॉयलर बंद केला, प्लग काढला. व्हॉल्व्ह बुजलेला असताना बॉयलर तापत राहिला असता तर फुटला असता. नवीन टाकी येईपर्यंत पाच दिवस ते घर गारठलं. घरमालकाने वर तक्रार केली. ऑफिसात विचारणा झाली तेव्हा बॉयलर मी बंद केला, एवढंच ते बोलले. प्लग कोणी मारला, कोणी मारायला लावला, यावर अवाक्षर नाही. सुपरवायझर शेजारीच मान खाली घालून फायली चाळत होते. आठवड्यात हसनभाईंना फायनल एक्झिट मिळाला, म्हणजे कायमची घरी पाठवणी.

ते बॅग भरत होते तेव्हा मी म्हणालो, "हसनभाई, मी सांगतो मोठ्या साहेबांना."

"गप ऱ्हा. तुझा इकामा अडकलाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पन परत असला काम केलास तर मीच सांगेन."

आणि मी खरंच गप्प राहिलो. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, मिळाल्यावरही.

मागच्या शुक्रवारी इरफानचा फोन आला. म्हणाला, "काका, एक विचारू? गावात लोक म्हणतात, अब्बांनी कंपनीत काहीतरी मोठी चूक केली म्हणून काढलं. अब्बा कधी बोललेच नाहीत. तुम्हाला माहीत असेल ना?"

मी सगळं सांगितलं. चूक त्यांची नव्हती, प्लग माझ्या हाताने लागला होता, हेही सांगितलं. मग शिव्या ऐकायची तयारी करून बसलो. त्याने विचारलं, "त्या घरातल्या मुली बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत," मी म्हणालो. "शाळेत जातात."