हिरव्या जर्सीतला उंच गडी

डिंडोलीत आम्ही भाड्याने राहायचो तेव्हा गुजराती घरमालकाकडे रंगीत टीव्ही होता आणि केबल नुकतीच आली होती. माझं काम घरी बसून साड्यांचे धागे कापण्याचं. टेंपोवाला सकाळी गठ्ठा टाकून जायचा. नक्षीच्या मागच्या बाजूला लोंबणारे धागे लहान कात्रीने कापायचे, घडी घालायची, संध्याकाळी गठ्ठा परत. दुपारी आमच्या पत्र्याखाली बसवायचं नाही, म्हणून घरमालकाची मुलगी मला खाली तिच्या खोलीत बोलवायची. ती कॉलेजात जायची. मला भाभी म्हणायची आणि मी दिवसभर एक शब्द बोलले नाही तरी ती दोघींचं बोलायची.

तिथेच मी तो खेळ पहिल्यांदा पाहिला. थंडीचे दिवस होते. चिखलात तीस माणसं आडवी पडलेली, आणि चेंडू अंड्यासारखा. मुलगी चॅनल बदलणार होती. मी म्हटलं, "राहू दे थोडं." ती माझ्याकडे बघतच राहिली, कारण मी आपणहून काही मागायचे नाही.

मला का बघावंसं वाटलं ते सांगते. आमचे हे कबड्डी खेळायचे. पलसाण्याच्या एका कापड रंगवणाऱ्या प्रोसेस मिलच्या संघात होते, पकड करणारे, डाव्या कोपऱ्याचे. मी त्यांचा खेळ कधी पाहिला नव्हता. मैदानावर सगळे पुरुष, तिथे जाऊन उभं राहायची मला लाज वाटायची. हे घरी यायचे ते खरचटलेले गुडघे आणि धुळीने भरलेली बनियन घेऊन. टीव्हीवर ती माणसं एकमेकांच्या पायाला मिठी मारून पाडत होती, तेव्हा वाटलं, अच्छा, हे असंच काहीतरी करत असतील.

त्या तीस जणांत एक उंच गडी होता. हिरवी जर्सी, पांढरी कॉलर, आणि डोक्याभोवती पांढरी पट्टी. मुलीने सांगितलं, "भाभी, आ लोको आयर्लंडना. इंग्लंडच्या बाजूला आहे. पण त्यांना इंग्लंडचे म्हटलं की राग येतो." मला ते पटलं. आम्ही धुळ्याकडचे, आणि इथे आम्हाला कोणी मुंबईचे समजायचे, कोणी आणखी कुठले.

दर आठ-पंधरा दिवसांनी तो दिसायचा आणि दर वेळी डोक्याला पट्टी. माझा जीव हळहळायचा. याचं डोकं बरं का होत नाही? घरी कोणी बघणारं नाही का? दोन हिवाळे मी हेच समजत होते. मग एकदा ह्यांना बोलले तर हे पोट धरून हसले. "अगं, कान वाचवायला बांधतात ती. कुस्तीवाल्यांचे कान पाहिलेस का, भज्यासारखे होतात?" पुढे कितीतरी दिवस जेवायला बसले की विचारायचे, "तुझ्या पेशंटची तब्येत कशी आहे?"

मला त्या खेळाचे नियम कधीच नीट कळले नाहीत. चेंडू मागे फेकायचा आणि पुढे पळायचं, एवढं कळलं. कपडा मात्र कळायचा. दिवसभर हातात पॉलिस्टर असतं, त्यामुळे डोळ्यांना सवय. पहिल्या वर्षी त्याची जर्सी सुती होती. पाणी पिऊन जड व्हायची, अंगावर लोंबायची, पण ओढून ओढून फाटायची नाही. शहरात प्लेग आला त्या वर्षी आम्ही दीड महिना गावी जाऊन राहिलो. परत आलो त्याच्या पुढच्या एक-दोन वर्षांत जर्सी बदलली. हिरवा रंग थोडा उजळ झाला, कापड हलकं झालं, आणि छातीवर कंपनीचं नाव आलं.

मी मुलीला विचारलं, हे नाव कशाला?

तिने टीव्हीवरचं बोलणं कान देऊन ऐकलं, मग म्हणाली, "आता ह्या लोकांना खेळायचे पैसे मिळतात. आधी फुकट खेळायचे. हा तर दुधाच्या कंपनीत नोकरी करायचा, असं सांगतायत. आता सोडली."

रात्री मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी घास हातात धरला. "म्हणजे एवढी वर्षं मार खायचा तो फुकट?"

"तुम्ही काय करताय मग?" मी म्हटलं.

"मला फोल्डिंग आहे ना."

तेच खरं होतं. मिलमध्ये खेळाडूंना फोल्डिंग खात्यात, तयार कापडाच्या घड्या घालायला, दिवसपाळी मिळायची. बाकीच्यांना रंगाच्या मशीनवर बारा बारा तास, वाफेत, ओल्या कापडाचे गठ्ठे खांद्यावर घेऊन. संघात नाव असेपर्यंत फोल्डिंग. नाव गेलं की मशीन. लिहून कोणी दिलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

वर्षं गेली. उंच गड्याचं नाक मोडलं आणि तसंच वाकडं जुळलं. आधी रेषेबाहेरून चेंडू आत फेकला की तो स्वतः उडी मारायचा. पुढे पुढे दोन माणसं त्याची चड्डी धरून त्याला वर उचलायला लागली. मुलगी हसून लोळायची. मी शिलाईचा विचार करायचे. एवढा मोठा माणूस चड्डीला धरून उचलायचा तर दोरा कुठला वापरत असतील? एक वर्ष त्याला कप्तान केलं. पुढच्या वर्षी तो दिसेनाच. मला वाटलं, संपलं. मग एका दुपारी कॅमेरा बाजूला फिरला तर हा लांब कोट घालून बाकावर बसलेला. खेळ संपायला वीस मिनिटं राहिली तेव्हा त्याने कोट काढला, पट्टी बांधली, आणि आत गेला. लोक उभे राहून ओरडले. त्या वर्षी तो दर वेळी तसाच शेवटी शेवटी यायचा.

त्याच थंडीत ह्यांचा उजवा खांदा निखळला.

सरावात एकाला धरताना ओढला गेला. हाडवैद्याने बसवला, पण हात वर जाईना. सकाळी शर्ट घालताना मी बाही धरायचे आणि हे दात आवळायचे. मला बजावलं, "दादाला कळता कामा नये." दादा म्हणजे ह्यांचे थोरले चुलत भाऊ, माझे जेठ. त्याच मिलमध्ये सुपरवायझर आणि संघाचं सगळं त्यांच्याच हातात. मिल-मिलमधले सामने आठ दिवसांवर आले होते.

मला सगळं स्पष्ट दिसत होतं. हे पूर्ण सामना खेळले तर खांदा कायमचा जाईल. खेळले नाहीत तर संघातून नाव जाईल, आणि मग त्याच खांद्यावर ओले गठ्ठे.

रविवारी जेठ आले. मी डोक्यावर पदर घेऊन स्टोव्हजवळ बसले. आमच्यात बायका जेठाशी बोलत नाहीत. काही सांगायचंच असेल तर तिसऱ्याला सांगायचं, आणि तो तिसरा त्यांना सांगतो. ते तीन हातांवर बसलेले असतात, सगळं ऐकू येतं, तरी तिसऱ्याने सांगेपर्यंत ऐकलं नाही असं धरायचं. त्या दिवशी घरमालकाची मुलगी माझ्याजवळ वाटाणे सोलत बसली होती.

जेठांनी चहा घेता घेता संघ सांगितला. "डावा कोपरा तूच."

"हो दादा," हे म्हणाले आणि डाव्या हाताने कप उचलला.

मला काय झालं माहीत नाही. मी मुलीला म्हटलं, "सांग त्यांना, ह्यांचा उजवा हात वर होत नाही."

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की स्टोव्हची गरजच नव्हती.

मुलगी खुशीत आली. तिला असं काम हवंच होतं. "मोटाभाई, भाभी बोलती है, भैया का हाथ ऊपर नहीं होता."

जेठांनी कप खाली ठेवला. "हात वर कर."

हे करायला गेले आणि अर्ध्यावरच थांबले.

"कधीपासून?"

"दहा दिवस."

"आन् माले सांगं नही तू?" जेठ चिडले की अहिराणीवर यायचे. "मंग बस घरमा. दुसरा गडी देखस मी."

"तिचं काही ऐकू नको दादा, खेळतो ना मी."

मी मुलीचं कोपर धरलं. "सांग, पहिल्यापासून खेळवू नका. बाहेर बसवा. शेवटची सात-आठ मिनिटं राहिली की आत घ्या."

मुलीने सांगितलं. जेठ मुलीकडे बघून म्हणाले, "बाहेर बसाडाले हाऊ काय नवरदेव शे? बाहेर बसना तो गडी सरना, संपना. ती काय म्हनी राह्यनी, तिले समजस का?"

मग मी बोलत सुटले. मुलीच्या कानाशी, पण मोठ्याने. आयर्लंडचा उंच गडी, त्याचा कोट, शेवटची वीस मिनिटं. समोरचे दमलेले असतात, पाय जड झालेले असतात. जुना माणूस ताजा आत येतो, आणि दमलेला माणूस कुठल्या बाजूला वळणार ते त्याला इतक्या वर्षांनी माहीत असतं. त्याला पळावं लागत नाही, तो तिथे आधीच उभा असतो. हे डाव्या हाताने घोटा धरू शकतात. सात-आठ मिनिटं खांदा टिकेल.

मुलगी एक वाक्य सांगायची तोवर माझी तीन झालेली असायची. शेवटी तिने सांगणं सोडलं आणि वाटाणे खायला लागली. जेठ भिंतीकडे बघत ऐकत होते.

मग ते तिला म्हणाले, "इचार तिले, तो आत येस तवय त्यास्ना संघ जिंकस का?"

खोटं कसं बोलणार? मी म्हटलं, "सांग, बहुतेक हरतात."

हे आधी हसले. मग जेठ इतके हसले की त्यांना ठसका लागला. "हारतस! मंग आपला काय फायदा?"

"सांग त्यांना," मी म्हटलं, "हरले तरी पुढच्या वेळी त्याला परत घेतात."

जेठांचं हसणं थांबलं. त्यांनी चहा संपवला, चप्पल घातली, आणि दारातून ह्यांना म्हणाले, "येताना जाडा स्वेटर लई ये. बाहेर बसाना शे तुले."

सामन्याला मी गेले. मुलगी मला हाताला धरून ओढतच घेऊन गेली. आम्ही मागे, पाण्याच्या टाकीजवळ उभ्या राहिलो. मी अर्धा वेळ पदराआडून बघितलं. हे स्वेटर घालून सतरंजीवर बसले होते आणि येणारा जाणारा विचारत होता, "काय, ताप आला का?" ह्यांचं तोंड कसनुसं झालेलं. मला वाटलं, घरी गेल्यावर माझी काही खैर नाही.

आमची मिल नऊ गुणांनी मागे होती. जेठांनी हात केला. ह्यांनी स्वेटर काढला.

पहिल्याच चढाईला समोरचा पोरगा ह्यांच्या कोपऱ्याकडे आला. थकलेला होता, पाय ओढत होता. हे जागचे हललेसुद्धा नाहीत. तो मागे वळला आणि ह्यांनी डाव्या हाताने त्याचा घोटा धरला. सगळे वरून पडले. मुलगी माझ्या कानात किंचाळली. ह्यांनी आणखी दोघे धरले, त्यातला एक त्यांचा सगळ्यात भारी चढाईवाला. मीही ओरडले असेन, कारण पुढच्या दोन बायकांनी वळून पाहिलं.

तीन गुणांनी हरलो. पण माणसं त्या तीन पकडींबद्दलच बोलत होती.

नंतरचे दिवस कठीण गेले. सामने झाले की पुढच्या संघाची यादी मॅनेजर साहेबांकडे जाते आणि ते नावं कायम करतात किंवा खोडतात. हे कामावर जायचे, यायचे. कात्रीने मी एक साडी चुकून कापली आणि ती बदलून द्यावी लागली.

नवव्या दिवशी हे आले आणि दारातच उभे राहिले.

"राहिलं," म्हणाले. "फोल्डिंग राहिलं. दादाने साहेबाला सांगितलं, हा शेवटी लागतो, याला मशीनवर घालू नका. आणि सकाळी कामाच्या आधी नव्या पोरांना पकड शिकवायची."

मी गठ्ठा बाजूला सारला. चहा ठेवायला उठले तर पायाला मुंग्या आलेल्या, तशीच परत खाली बसले. हे हसायला लागले. मग म्हणाले, "चहा नको. हळद घालून दूध दे."

"का? खांदा दुखतोय?"

"घसा. आज सकाळीच सुरुवात केली. एकही पोरगा ऐकत नाही, ओरडून ओरडून बसला. बारा वर्षं खेळलो, घसा कधी बसला नव्हता."

एवढं बोलता बोलता उरलासुरला आवाजही गेला. मी दूध तापवलं आणि हे बसल्या बसल्या डाव्या हाताने मला दाखवत राहिले, घोटा कसा धरायचा, अंगठा कुठे ठेवायचा. आवाजच नव्हता, म्हणून सगळं हातानेच.