एक हजार अठ्ठेचाळीस पिल्लं

आमच्या आत्याला सगळी गल्ली ‘चौकशी खिडकी’ म्हणते. फरक एवढाच, की खऱ्या खिडकीत लोक विचारतात आणि आतला माणूस उत्तरं देतो. इथे खिडकीच विचारत सुटते. काढलेल्या दातांचं पुढे काय करता, हे तिने दातांच्या डॉक्टरांना स्वतःच्या तोंडात कापूस असताना विचारलं होतं. बाकी तिचा व्यवसाय म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्या वाढवणं. कंपनी एक दिवसाची पिल्लं आणून देते, ती आणि आतोबा ती सहा आठवडे सांभाळतात, मग कंपनीचीच गाडी येऊन घेऊन जाते.

दोन वर्षांपूर्वी खाद्याच्या डब्याचा पत्रा तिच्या अंगठ्यात घुसला. जखम चिघळली, गोळ्या बदलून झाल्या, अंगठा काही ऐकेना. “जंतू औषधाला सरावलेत,” डॉक्टर म्हणाले. दुसरं कोणी मान हलवून घरी आलं असतं. हिने विचारलं, “मी तर वर्षानुवर्षं गोळी घेतलेली नाही. मग माझे जंतू सरावले कुठे?” डॉक्टरांनी हसून नवी चिठ्ठी लिहिली. तिसऱ्या औषधाने अंगठा बरा झाला, पण ही घरी येऊन खाद्याच्या पोत्यासमोर उभी राहिली. पिल्लं आजारी असोत नसोत, त्या खाद्यात रोज थोडं अँटिबायोटिक असायचंच.

मग ओवा, लसूण आणि दालचिनी आली. अशा वनस्पतींनी पिल्लांचं पोट ठीक राहू शकतं, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. त्यांची पूड करण्यासाठी वाळवणं, दळणं, चाळणं सुरू झालं. आतोबा शिंकून शिंकून बेजार झाले, पण चाळत राहिले.

कंपनीच्या पशुवैद्यबाई मात्र सरळ बोलल्या. “अर्धी शेड पुडीवर, अर्धी नेहमीच्या खाद्यावर. दोन्हीकडे मर सारखीच राहिली, तर पुढे सगळी शेड तुमच्या पुडीवर. नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही.”

शेडच्या मधोमध कमरेएवढी जाळी लागली. डावीकडे एक हजार पिल्लं औषधावर, उजवीकडे एक हजार पुडीवर. रोज मेलेली पिल्लं मोजायची आणि वहीत लिहायची, हे काम आत्याचं. मी सुट्टीच्या दिवशी जाऊन वही बघायचे आणि थक्क व्हायचे. सहा आठवड्यांत डावीकडे एकसष्ट मेली, उजवीकडे फक्त नऊ! मी तर पेढ्यांच्या गोष्टी करायला लागले. पशुवैद्यबाई उद्या येऊन सही करणार होत्या.

पिल्लं गाडीत चढताना पुन्हा मोजली गेली. आत्या वही घेऊन बसली आणि बराच वेळ उठलीच नाही.

“डावीकडे जिवंत नऊशे सत्त्याऐंशी,” ती म्हणाली. “आणि मेलेली एकसष्ट. बेरीज कर.”

मी शाळेत गणित शिकवते, हे इथे सांगायला लाज वाटते. एक हजार अठ्ठेचाळीस. डावीकडे अठ्ठेचाळीस पिल्लं जास्त होती, आणि उजवीकडे तेवढीच कमी.

आतोबा दारात उभे राहून चप्पल बघत होते.

“अहो?”

“रोज सकाळी एखाददुसरं मान टाकून बसलेलं दिसायचं,” ते म्हणाले. “वाटायचं, ह्या पुडीवर काही जगायचं नाही. म्हणून उचलून औषधाच्या बाजूला सोडायचो. जीव तुटतो गं.”

म्हणजे पुडीवर ज्यांचा काडीचा विश्वास नव्हता, त्यांनीच तिला जिंकवलं होतं. मला हसू आवरेना. आत्या हसली नाही. मी म्हटलं, “कुणाला कळणार आहे? घे सही.” ती माझ्यावर खेकसली. दुसऱ्या दिवशी तिने वही पशुवैद्यबाईंपुढे ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. बाईंनी कपाळाला हात लावला, पण आणखी एक बॅच दिली. एका दिवसात दहा मेली, तर तिथेच थांबून सगळ्यांना औषध सुरू करायचं, ही अट घातली.

नव्या बॅचच्या बाराव्या दिवशी मी गेले, तेव्हा उजवीकडे सकाळपासून सात गेली होती. आतोबा जाळीपाशी उभे होते, तळहातावर एक पिल्लू, डोळे मिटलेलं. जाळी हातभर अंतरावर होती. आत्याचा चेहरा पाहवेना.

“मलाही टाकावंसं वाटतंय पलीकडे,” ती म्हणाली.

आतोबांनी ते उजवीकडेच पाण्याजवळ ठेवलं आणि खाली अंथरलेल्या तुसातच बसकण मारली. पिल्लाने चोच बुडवावी म्हणून पाण्याच्या भांड्यावर ते बोटाने टकटक करत राहिले. दुपारपर्यंत ते पिल्लूही गेलं. त्या दिवशीचा आकडा आठवर थांबला, दुसऱ्या दिवशी तिनावर आला.

शेवटी उजवीकडे चौतीस मेली, डावीकडे एकतीस. जिवंत आणि मेलेली मिळून दोन्हीकडे बरोबर हजार. पशुवैद्यबाईंनी बेरीज दोनदा तपासली.

“सारखीच धरते,” त्या म्हणाल्या आणि सही केली. आतोबांचे डोळे भरून आले. मीही रडले, उगाच कशाला खोटं बोलू?

आत्या मात्र वहीवरून बोट फिरवत होती. “बाई,” तिने विचारलं, “पण ती तीन जास्तीची का मेली असतील?”

निघायला उठलेल्या पशुवैद्यबाईंनी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि त्या पुन्हा खाली बसल्या.