दामिनीच्या कॉम्प्युटरची खोळ

फुलचूरच्या सुशीलाबाईंच्या घरात एकही वस्तू उघडी सापडायची नाही. टीव्ही, फ्रिज, मिक्सर सोडाच, गॅसच्या सिलिंडरलाही त्यांनी झालरीची खोळ शिवली होती. मग सून दामिनीचा नवा कॉम्प्युटर कसा सुटणार? त्यालाही मोराची नक्षी आली.

दामिनी घरबसल्या बांधकामांची थ्रीडी चित्रं करते. नागपूरच्या आर्किटेक्टने नमुन्यादाखल एक काम दिलं होतं. संध्याकाळपर्यंत चित्र गेलं तर कायमचं काम, नाहीतर रामराम. आणि भर दुपारी, चित्र अर्ध्यावर असताना कॉम्प्युटर बंद पडला. सुरू केला की पुन्हा बंद.

तांदूळ निवडणाऱ्या सुशीलाबाई सूप ठेवून आत आल्या. "काय झालं वं?"

"ग्राफिक्स कार्ड तापून राहिलं, आई." दामिनीने खोळ जराशी वर करून डब्याचं झाकण काढलं. आत विटेपेक्षा लांब धूड, त्यावर तीन पंखे.

"तुहा नवरा हेमेंद्र त म्हणे, चिपा लहान होऊन राहिल्या. मंग हे एवढं मोठं कायले?"

"चिपच्या आतले भाग बारीक होतात, पण तेवढ्याच जागेत आणखी ठासून भरतात ना. ते सारे वीज खातात, तापतात. चिप बिस्किटाएवढीच हाये. बाकीचे पत्रे अन् पंखे ते गरमी बाहेर काढायले."

सुशीलाबाईंनी जन्मभर धान उकडलं होतं. उकडायचं पातेलं एकच असतं, पण त्यातलं धान निववायला अख्खं अंगण लागतं. ढीग तसाच झाकला तर आतल्या आत खराब होतो. त्यांची नजर खोळीवर गेली.

"याले वारा पायजे, हे तुले ठाऊक होतं. मंग खोळ काढली काऊन नाही?"

"तुम्ही शिवली होती ना."

सुशीलाबाईंना फार लागलं. सुनेवर आपण कधी आवाज चढवला नाही, असं त्या चारचौघींत मिरवत. आणि इथे पोरगी हातचं काम घालवायला तयार होती, पण सासूला शब्द बोलायला नाही. त्यांनी खोळ ओढून काढली.

"माह्यासंग भांड, पन अशी गप राहू नको."

कार्ड निवल्यावर काम पुढे सरकलं. दिवेलागणीला चित्र गेलं, आर्किटेक्टचा होकारही आला. रात्री जेवताना दामिनी भीतभीतच म्हणाली, "आई, वरण खारट झालं."

सुशीलाबाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी तिला तेच वरण आणखी वाटीभर वाढलं.