गच्चीपर्यंत गेलेलं लिंबू

परदेशात तेव्हा अंतराळ-लिफ्टच्या स्पर्धा भरायच्या. जमिनीपासून थेट अंतराळापर्यंत पट्टी ताणायची आणि तिच्यावरून यंत्र चढवायचं, अशी ती कल्पना. अंबरनाथच्या आमच्या कॉलेजला अंतराळ परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून पट्टी गच्चीवरून सोडली. खालून लग्नातल्या हॅलोजनचा झोत मारायचा, यंत्राने तो सोलर पॅनेलवर घेऊन वर जायचं. पहिल्या टीमला पुण्यातली पुढची फेरी.

मला पुणे हवं होतं. घरच्यांशिवाय मी बदलापूरबाहेर एक रात्रही काढली नव्हती. बाबा म्हणाले, "जिंकलीस तर जा." ते निर्धास्त होते.

टीम दोघांची: मी आणि हेंद्रेपाड्यातला एक वर्गमित्र. तो बोलायचा, मी जोडायचे. मोटर घ्यायला कॅम्प दोनच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो.

"लिफ्ट? कौनसी बिल्डिंग?" दुकानदाराने विचारलं.

"स्पेस में, अंकल."

"वहाँ किसका फ्लॅट है?" म्हणत त्याने सगळ्यात छोटी मोटर काढली.

पुढे मी फक्त वजन घटवत बसले. सांगाड्याला भोकं पाडली, स्क्रूंची डोकी घासली. स्पर्धेच्या सकाळी यंत्र आणायला वर्गमित्राच्या घरी गेले, तर त्याची आई लिंबू-मिरची घेऊन उभी.

"आई, ही गाडी नाय," तो म्हणाला.

"चाकं हायेत ना?"

आमच्या घरात आजोबांनी धम्म स्वीकारल्यापासून लिंबू फक्त सरबतात पडतं. तिथे मी तोंड उघडलं असतं तर विषय वजनाचा राहिला नसता. तरी पुटपुटले, "काकू, जड होईल."

"मग बारकं घेते." आणि काकूंनी खरंच बारकं लिंबू बांधलं.

कॉलेजात पोचल्यावरही ते लिंबू सोडून ठेवायचा धीर आम्हा दोघांना झाला नाही. बाकीची यंत्रं सरसर वर गेली. आमचं मात्र थांबत, विचार करत, लिंबू डोलवत निघालं. परीक्षक सरांचा चहा संपला, मग ते गच्चीला लागलं.

खाली आल्यावर सरांनी चष्मा सावरला. "हे काय लटकवलंय?"

इंजिनिअरिंग कॉलेजात याचं उत्तर काय देणार? माझा बोलका पार्टनर बुटांकडे बघू लागला. तोंडी परीक्षेत माझा आवाज मलाच ऐकू येत नसे, पण मला समोर पुणे दिसत होतं.

"पेलोड, सर."

नियमात वाहून नेलेल्या वजनाला जास्तीचे गुण होते. बाकी कोणी वजन नेलंच नव्हतं. सरांनी नियमांचा कागद पुन्हा वाचला, मग केमिस्ट्रीच्या लॅबमधला तराजू मागवला. लिंबू मिरच्यांसकट तोललं गेलं. आम्ही पहिले.

"यंत्राने नेलं काय वर?" बाबांनी कौतुकाने विचारलं.

"सेंद्रिय पदार्थ."

"बघ," ते आईला म्हणाले, "याला म्हणतात विज्ञान."

पुण्याला निघायच्या सकाळी काकू पुन्हा दारात. या वेळी त्यांनी आधी मलाच विचारलं, "बारकंच ना गं?"

"नको काकू," मी म्हटलं. "मोठी दोन बांधा."