पऱ्हाटी उभी ठेवलेलं शेत

आत्याचा फोन आला, "मेंढ्या बसनार हायेत शेतात. पाहाचं असन तर ये." सोबत येणार का, असं विचारायला हुडकेश्वरच्या घरात कोणी नव्हतं. कुलूप लावलं, निघालो.

दिघोरीहून उमरेडकडे जाणारी एसटी पकडली. सुटे पैसे ठेवा. फाट्यापासून पुढे पायीच, आणि सावली नाही. पाणी सोबत असू द्या.

आत्याचं रान कोरडवाहू. कापूस वेचून झाला की दरवर्षी उंटावर बिऱ्हाड लादून फिरणाऱ्यांचा एक कळप मुक्कामाला येतो. मेंढ्या पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या उभ्या झाडांचा, पाला खातात, रात्री शेतातच बसतात. मागे उरतं ते लेंड्यांचं खत. पहिल्या पावसाआधी माती त्यानंच सुधारते, असं आत्या म्हणते. आजूबाजूची शेतं नांगरून झाली होती. हिची पऱ्हाटी उभी.

बांधावरून शेजारचा शंकर ओरडला, "काकू, तुमचे उंटवाले येत नाही आता! रस्त्यात सारे प्लॉटचे लेआउट पडले. चार वाजता ट्रॅक्टर इकडं वळवतो नांगराले."

"चार वाजू दे ना गा. तुले कायची घाई?"

जेवायला ज्वारीची भाकर आणि लाखोळीच्या डाळीचे वडे. वड्यांचा एक डबा तिनं फडक्यात बांधून बाजूला ठेवला होता.

"तो जीवीचा," ती म्हणाली. जीवी म्हणजे कळपवाल्याची बायको. मुक्कामात दोघी संध्याकाळी बांधावर बसतात.

"काय बोलता?"

"तिची बोली मले अर्धी समजते, माही तिले अर्धी. पुरते."

शंकरचा ट्रॅक्टर सुरू झाला, आणि त्याच्या घरघरीतून घंटा ऐकू आल्या. आधी उंट दिसला, मग धूळ, मग मेंढ्या. शंकरनं ट्रॅक्टर बंद केला. आत्या मेंढ्यांकडे पाहत नव्हती. ती उंटाच्या मागे पाहत होती.

"जीवी कुठं हाय?"

"गावी राहिली, मावशी," कळपवाला म्हणाला. "गुडघे गेले. आता नाही चालत ती."

आत्यानं डबा त्याच्या हाती दिला. "तू खा. मेंढ्या वरच्या अंगाले बसव, तिकडची माती हलकी हाय."

संध्याकाळी ती बांधावर होती. मी शेजारी बसायला गेलो.

"तिथं नको बसू गा, काटे हायेत."

काटे नव्हते. मी थोडा लांब बसलो.

घरी बुटाच्या खाचेत एक लेंडी अडकून आली होती. रिकाम्या कुंडीत टाकली. आत्याला फोन केला. पुढच्या वर्षीही पऱ्हाटी ठेवणार का, विचारलं.

"ठेवीन ना," ती म्हणाली. "मेंढ्या तं येतीन."