ब्रेकला दिलेलं हसू

आमचे हे शहरबस चालवायचे. डेपोत ह्यांचं नावच पडलं होतं ‘सावकाश’. ह्यांच्या गाडीत उभ्याने चहा प्यावा, थेंब सांडायचा नाही. सगळ्या नोकरीत कुणाला साधं खरचटलं नाही की आरसा फुटला नाही. घरी मी भांडं जरा जोरात आदळलं तरी आतून आवाज यायचा, “अगं, गिअर हळू टाक.”

मग नसांचा तो मेला आजार आला. आधी बोटं गेली, मग हात, मग पाय. हे असंच वर चढत जाणार, असं डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. मी त्यांच्यावरच भडकले, जसं काही त्यांनीच तो आणला होता. घरी येऊन हे खुर्चीत बसले ते बसलेच. खाली रस्त्यावरून बस गेली की तिच्याबरोबर मान वळायची, आणि ती दिसेनाशी झाली की पुन्हा समोर. मला ते बघवायचं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहायचे.

दवाखान्यात व्यायाम घ्यायच्या त्या बाईंनी बसच्या गेमचं काढलं. कॉम्प्युटरवर बस चालवायची, थांबे घ्यायचे, माणसं चढवायची-उतरवायची.

“ह्या वयात गेम? आणि हात कुठायत?” मी म्हटलं.

“हात नकोतच, काकू. डोळे आणि चेहरा पुरे.”

मला वाटलं, बाई भाबडी आहे. पण ह्यांनी होकाराची मान हलवली, मग मी बाईंना घरी यायला सांगितलं.

एका सकाळी बाई सामान घेऊन आल्या. पडद्याच्या खाली एक काळी पट्टी चिकटवली, ती म्हणे नजर ओळखते. वर कॅमेरा बसवला. खिडकी ह्यांच्या पाठीशी होती, चेहरा काळा दिसत होता, म्हणून खोली उलटीपालटी केली. माझं कपाट दाराच्या तोंडाशी आलं ते आजवर तिथेच आहे. मग ह्यांना पडद्यावरच्या ठिपक्यांकडे एकेक करून बघायला लावलं.

“आता चेहरा अगदी सैल सोडा, काका. काहीच करू नका.”

“त्यात आता हातखंडा झालाय,” हे म्हणाले. तेव्हा बोलणं जड होतं, पण होतं.

मग एकेक हालचाल शिकवायची होती. ह्यांनी भुवया उचलल्या की पडद्यावर हिरवा रंग वर चढायचा. त्याला एक रेष आखलेली. रंगाने रेष ओलांडली की बटण दाबल्यासारखं व्हायचं. भुवया म्हणजे वेग, तोंड उघडलं की बसचं दार, वळायचं नजरेने. हसण्याचा रंग मात्र चढेना. बाईंनी चष्मा पुसला, दिवा सरकवला, शेवटी चाचरत म्हणाल्या, “मिशी आड येतेय. ओठांचे कोपरे दिसत नाहीत.”

अगं बाई! आमच्या लग्नाच्या फोटोत माझ्याआधी ती मिशी दिसते. मी म्हटलं, मिशीला कुणी हात लावायचा नाही. हे म्हणाले, “काढ.” मग मीच काढली. मिशीखालचा ओठ मी एवढ्या संसारात कधी धड पाहिलाच नव्हता, अगदी शाळकरी पोराचा असावा तसा. मला रडू फुटलं. ते बघून हे हसले, आणि हिरवा रंग सरळ टोकाला गेला.

“ब्रेकला काय देऊया?” बाईंनी विचारलं.

“सगळ्यात खात्रीचं जे असेल ते,” हे म्हणाले. ड्रायव्हर दुसरं काय म्हणणार! खात्रीचं होतं ते हसूच. हसलं की ब्रेक.

बाईंनी मलाही दाखवून ठेवलं, अडलंच तर कीबोर्डवरची ही लांब कळ दाबायची, गाडी थांबेल. बाई जिना उतरल्या आणि ह्यांनी मला बजावलं, “कळीला हात लावायचा नाही. ड्रायव्हर एकच असतो.”

घरात पुन्हा ड्यूटी सुरू झाली. अंघोळ उरकली की गाडी निघायची. थांबा आला की हे हसायचे, बस अलगद उभी राहायची. बघणाऱ्याला वाटावं, काय सुखी माणूस आहे!

मग कंडक्टर भेटायला आले. ह्यांच्याच गाडीवरचे, ह्यांचे जिवलग. तोंड कसलं, सुटलेला नळ. आल्या आल्या त्यांनी त्यांचा तो ठेवणीतला किस्सा काढला. एकदा ते थांब्यावर पाणी प्यायला उतरले, कुणीतरी घंटी वाजवली आणि हे गाडी घेऊन निघाले. “मी जीव खाऊन मागे पळतोय, वहिनी, गळ्यात तिकिटांची बॅग! आणि मागच्या खिडकीतली म्हातारी मला काय म्हणते? अहो, कशाला धावताय, मागून दुसरी रिकामी येतेय!” हे फसकन हसले. भर चौकात ब्रेक लागला, उभी माणसं कोसळली, मागून ट्रक येऊन आदळला.

गेममधलाच अपघात, पण ह्यांचं तोंड पांढरं पडलं. दोन घास गेले नाहीत. “माझ्या गाडीत माणसं पडली,” एवढंच म्हणत राहिले. मी कंडक्टरांना दारात गाठून सांगितलं, “भाऊजी, हे हसले की ब्रेक लागतो. आता किस्से बंद. नाहीतर येऊच नका.” बिचारे खाली मान घालून गेले, ते फिरकलेच नाहीत. मीही जीभ आवरली. आमचा संसार एकमेकांची खेचण्यावर चालला होता हो! आता खोलीत मी सुतकात असल्यासारखी बसायचे.

आणि तो आजार चढतच होता. बाई यायच्या, सैल चेहरा पुन्हा नोंदवायच्या आणि रेष थोडी खाली ओढायच्या. बोलणं गेलं. आता हे पडद्यावरच्या अक्षरांकडे बघून शब्द लिहायचे. रेष इतकी खाली आली की ह्यांनी आवंढा गिळला तरी ब्रेक लागायचा. मग एक दिवस बाई म्हणाल्या, “हसा, काका.” रंग जागचा हलला नाही. “हसा ना.” ह्यांचे डोळे माझ्याकडे वळले. मी तिथून उठले.

वेग आणि दार आधीच नजरेवर गेले होते, आता बाईंनी ब्रेकही नजरेला दिला. पडद्याच्या कोपऱ्यात टक लावून बघितलं की गाडी थांबते. हसण्याची रेष त्यांनी पुसून टाकली. बाईंच्या मागे दार लावताना माझ्या लक्षात आलं, आता ह्या घरात कुणी काहीही बोलावं. ब्रेक लागणार नाही.

मी कंडक्टरांना फोन केला. “या. आणि तो किस्सा सांगा.”

ते आले, ह्यांच्याकडे बघून क्षणभर चपापले, पण बसले. बस रस्त्यावर होती. त्यांनी सगळं रंगवून सांगितलं, पाणी, घंटी, बॅग, म्हातारी. त्यापुढे आपण रिक्षा करून कसं गाठलं तेही सांगितलं, आणि हसत हसत पडद्याकडे बघत राहिले. बस आपली एका वेगात चालली होती. ह्यांचा चेहरा सैल, बाईंनी नोंदवायला सांगावा तसा. कंडक्टरांचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला ते सहन होईना. कीबोर्ड माझ्या गुडघ्याशी होता. मी पदराआडून लांब कळ दाबली.

बस थांबली.

“हसला! वहिनी, लेकाचा हसला!” कंडक्टर खुर्चीतून उठलेच. मागे ट्रक नव्हता, देवाची कृपा.

ते गेल्यावर ह्यांची नजर माझ्यावर खिळली. मी ओशाळले. म्हटलं, आता ओरडा बसणार, ड्रायव्हर एकच असतो. अक्षरांवरून नजर सावकाश फिरली आणि पडद्यावर उमटलं, “उशिरा दाबलास. म्हातारी बोलते तिथे.”

मी भिंतीला धरून खूप रडले.

पुढच्या रविवारी कंडक्टर परत आले. सांगता सांगता मागची खिडकी आली, म्हातारीने तोंड उघडलं, आणि मी बरोबर तिथे कळ दाबली. ह्यांचा चेहरा तसाच होता. बस अलगद थांबली, एकही माणूस पडलं नाही.