जिभेवरचं पांढरं

माझ्या मुलीच्या जिभेवर पहिल्यांदा पांढरं दिसलं तेव्हा ती तीन महिन्यांची होती. ओल्या फडक्यानं पुसलं तर निघेना. जरा जोर दिला तर खालून लालभडक कातडी दिसली आणि ती कळवळून रडली. सासूबाई शेजारी बसून तूर निवडत होत्या. आम्ही सगळे त्यांना अव्वा म्हणतो. अव्वा म्हणाल्या, "दूध हाय ते. जातंय की."

ते दूध नव्हतं, बुरशी होती. आमच्या गावातल्या सात रस्ता चौकाजवळच्या बालरोगतज्ज्ञांनी थेंब लिहून दिले, आठवड्यात तोंड साफ झालं. तान्ह्या बाळांना होतंच हे, ते म्हणाले. महिनाभरात परत आलं. औषध दिलं की जायचं, थांबवलं की यायचं. अव्वा माझ्या नकळत मध लावत होत्या, तो डॉक्टरांनी बंद करायला लावला. बाटल्या, चमचे, खेळणी, सगळं मी उकळून घ्यायचे. शाळेत गणित शिकवताना फळ्याकडे तोंड केलं की मला तिची जीभ दिसायची. ती दोन वर्षांची झाली तेव्हा अंगठा चोखून चोखून त्याचं नखही जाड आणि पिवळं पडलं.

त्या दिवशी डॉक्टरांनी ते नख बराच वेळ बघितलं. मग नर्सला सांगितलं, "बाळाला जरा बाहेर ने." मी आणि नवरा दोघंच समोर उरलो.

"इतक्या वेळा बुरशी येते म्हणजे प्रतिकारशक्तीत कुठंतरी दोष आहे. तो शोधायला हवा," ते म्हणाले. "पण आधी बाळाची आणि तुम्हा दोघांची एचआयव्हीची तपासणी करून घेऊ."

मी ऐकलं, पण ते माझ्यापर्यंत पोचलं नाही. टेबलावर प्लास्टिकचा एक कान होता, आतले भाग दाखवणारा. मी त्याच्याकडेच बघत राहिले. नवऱ्यानं विचारलं, "कधी द्यायचं रक्त?" डॉक्टर म्हणाले, "आत्ताच. रिपोर्ट उद्या दुपारी मिळेल."

तिघांचं रक्त दिलं. मुलीला धरायला दोन नर्स लागल्या. स्कूटरवरून घरी येताना ती आमच्या दोघांच्या मध्ये बसून सिग्नलवरच्या गाड्या मोजत होती, दोनच्या पुढं तिला येत नव्हतं. मी नवऱ्याच्या पाठीकडं बघत होते. त्याचा डाळीचा धंदा दुधनीत आहे. तुरीच्या हंगामात तो कलबुर्गीकडं जातो, चार-चार दिवस तिकडंच राहतो. तिथं तो कुठं उतरतो, हे मी लग्नानंतरच्या सहा वर्षांत कधी विचारलं नव्हतं. आता तेच डोक्यात फिरत होतं.

इथं एक सांगायला हवं. माझा नवरा माझा सख्खा मामा आहे. आईचा धाकटा भाऊ, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. आमच्याकडं ही रीतच आहे. लग्न ठरेपर्यंत मी त्याला मामा म्हणत होते आणि अव्वा म्हणजे माझ्या सख्ख्या आजी. ज्याच्या खांद्यावर बसून मी जत्रा बघितली, त्या माणसाबद्दल मी हे मनात आणत होते. त्याचाही मला धक्का बसला होता, तरी विचार थांबत नव्हता.

घरी आल्यावर अव्वा मुलीला घेऊन अंगणात गेल्या. नवरा पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला. मी म्हणाले, "अहो, एक विचारू?"

"मीच तुला विचारणार होतो," तो म्हणाला.

हाही माझ्याबद्दल तेच म्हणणार, असं वाटलं.

तो म्हणाला, "बाळंतपणात तुला दोन पिशव्या रक्त चढवलं होतं. आठवतंय का? तेव्हाच काही आलं असेल तर? तसं निघालं तरी तू घाबरायचं नाहीस. आजकाल औषधं आहेत. मी आहे की."

पेला विसळून ठेवत त्यानं विचारलं, "तू काय विचारणार होतीस?"

"काही नाही," मी म्हणाले. आजवर त्याला ते सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलेच नाही. रिपोर्ट आणायला दोघं गेलो. तिघांचाही निगेटिव्ह. मी तिथल्या बाकावर बसून तिन्ही कागद परत परत वाचले. डॉक्टर मात्र खूश नव्हते. "म्हणजे दोष जन्मापासूनचा असणार," ते म्हणाले आणि त्यांनी आम्हाला मुंबईच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली.

तिथली तपासणी व्हायला आणि रिपोर्ट यायला दोन महिने लागले. रिपोर्ट घेऊन आम्ही परत आमच्या डॉक्टरांकडं गेलो. या वेळी अव्वाही हट्टानं आल्या. डॉक्टरांनी विचारलं, "तुमचं लग्न नात्यातलं का?"

"मी हिचा मामा," नवरा म्हणाला.

डॉक्टरांनी कागदावर दोन गोल काढून समजावलं. बुरशीशी लढायला शरीराला जे लागतं, त्यातली एक गोष्ट आमच्या मुलीत तयारच होत नाही. फार कमी लोकांत असतो असा हा दोष. आम्हा दोघांतही तो अर्धा-अर्धा आहे, म्हणून आम्हाला त्रास नाही. तिला दोन्हीकडून मिळाला. घराण्यात मागून आलेला असावा. पुढच्या प्रत्येक बाळाला चारात एक धोका.

अव्वांनी सगळं ऐकलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "म्हंजे माज्याच घरातलं. आणि मीच जमवलं की ह्यांचं."

"आजी, तुमचा दोष नाही. तुम्हाला कुठं माहीत होतं?" डॉक्टर म्हणाले. घरी येऊन अव्वांनी दोन दिवस कुणाशीही बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातातून औषधाची पिचकारी घेतली आणि म्हणाल्या, "किती भरायचं दाव मला."

तेव्हापासून सकाळचं औषध अव्वाच देतात. चष्मा लावून, रेघ बघून. मुलगी आता पाच वर्षांची आहे, शाळेत जाते. दिसेल त्याला "आ" करून जीभ दाखवते. दुसऱ्या बाळाचा विचार आम्ही सोडून दिला. माझ्या थोरल्या मामानं आपल्या मुलासाठी माझ्या मावसबहिणीचा विषय काढला, तेव्हा अव्वा भर बैठकीत म्हणाल्या, "नगं. भायेरची पोरगी बगा." कारण त्यांनी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

मागच्या महिन्यात मुलीनं जेवण सोडलं. पोळीचा तुकडा तोंडात धरून बसायची, गिळायची नाही. बुरशी घशाच्या खाली उतरली होती आणि इतके दिवस चाललेलं औषध आता तिच्यावर चालेनासं झालं होतं. असं होऊ शकतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल. पाच दिवस दवाखान्यात ठेवून सलाईनमधून दुसरं औषध दिलं. सहाव्या दिवशी तिनं गार दहीभात मागितला. नवरा डबा आणायला धावला. तिनं चार घास खाल्ले आणि म्हणाली, "आता बास." मी तोंड बघितलं. जीभ गुलाबी होती, कडेला थोडं पांढरं होतं. ते दही होतं की दुसरं काही, हे बघायला मी फडकं ओलं करून आणलं.